'किळसवाणा' या एका शब्दात भागत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मुलांच्या पानावर इंग्रजी शब्दांची एक छोटी चौकट येते ती मी कापून ठेवतो, कारण माझे घरगुती स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत आणि पोरांना पुस्तकापेक्षा पेपरचं कात्रण दिलं की बरं वाटतं. मागच्या एका चौकटीत डिसगस्टिंग, रिव्होल्टिंग, रिपल्सिव्ह, नॉशिएटिंग, व्हाईल आणि ग्रॉस असे सहा शब्द एकाखाली एक दिले होते आणि समोर मोठा महिरपी कंस काढून सगळ्यांचा मिळून एकच अर्थ, किळसवाणा. चूक आहे असं मी म्हणणार नाही, डिक्शनरी पण साधारण तेच सांगते, पण हे म्हणजे काका, मामा, आत्याचे मिस्टर, शेजारचे गृहस्थ आणि बसमधला कंडक्टर सगळ्यांना 'अंकल' म्हणण्यासारखं झालं. चालतं, पण कोण कोणाचा कोण ते कळत नाही.

हे एवढं मनाला लावून घ्यायचं कारण म्हणजे मी अकरा वर्षं ऐरोलीला एका कॉल सेंटरमधे काढली. ब्रिटनमधल्या एका घरसामान विकणाऱ्या कंपनीचं काम होतं, पडदे, टेबलं, गाद्या, बाथरूमच्या रॅक असलं सगळं. तिकडे सकाळचे नऊ वाजले की आमची शिफ्ट चालू, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात दुपारी दीडला आणि हिवाळ्यासाठी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं की अडीचला, आणि पहिल्याच कॉलला बाई किंवा बाबा ओरडणार, दिस इज अ‍ॅब्सोल्यूटली डिसगस्टिंग. दिवसातून वीस वेळा तरी. पार्सल दोन दिवस लेट, डिसगस्टिंग. होल्डवर वीस मिनिटं ठेवलं, डिसगस्टिंग. पैसे परत यायला आठवडा लागेल, डिसगस्टिंग. एकाला पडद्याचा रंग फोटोतल्यापेक्षा थोडा फिका आला होता तर तो पण डिसगस्टिंग. आता यात किळस कुठे आहे सांगा, ओकारी येण्यासारखं काय आहे, पण तिकडचा माणूस तक्रार करताना हा शब्द आपण 'काय चाललंय काय' किंवा 'हद्द झाली' म्हणतो तसा वापरतो. ती चीड असते, मळमळ नसते.

आणि हे समजायला आम्हाला भरपूर फजिती करून घ्यावी लागली. एक नवीन मुलगा होता, सातारकडचा, हुशार, लिहायला पक्का, बोलायला थोडा बुजरा. त्याला एका बाईंनी बाथरूमच्या रॅकबद्दल फोन केला, रॅक तिसऱ्यांदा चुकीच्या मापाची आली होती आणि बाई अ‍ॅब्सोल्यूटली डिसगस्टिंग, अटरली रिव्होल्टिंग वगैरे सगळं बोलल्या. याने शाळेत डिसगस्टिंग म्हणजे किळसवाणे एवढंच पाठ केलेलं, त्याने प्रामाणिकपणे सिस्टीममधे कारण टाकलं 'वस्तू अस्वच्छ', आणि त्या कोडवर केस टाकली की ती वेगळ्याच डिपार्टमेंटला जायची. तिथून दुसऱ्या दिवशी बाईंना फोन, मॅडम रॅकवर नक्की कसली घाण होती, फोटो पाठवता का. झालं. त्यानंतर त्या बाईंनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही, तुमचं ते मुलांचं पान आहे.

दुसरी मजा -इंग आणि -एड ची. समोरचा चिडलाय हे मान्य करायचं असं ट्रेनिंगमधे शिकवलेलं, तर आमचा एकजण अगदी गोड आवाजात म्हणाला, आय अंडरस्टँड यू आर डिसगस्टिंग, सर. त्याला म्हणायचं होतं तुम्हाला किळस आलीय, तो म्हणाला तुम्ही किळसवाणे आहात. हेडफोनमधे बाजूला बसून मी ऐकत होतो, दोन सेकंद पलीकडून काहीच आवाज नाही आणि मग तो माणूस जोरात हसायला लागला, म्हणून वाचलो. पण नंतर मी या मुलाला समजवायला बसलो तेव्हा माझ्याच लक्षात आलं की ही चूक मूर्खपणाची नाहीये, ही मराठीतनं आलेली आहे, आणि हेच मला या पत्रात मुख्य सांगायचंय.

आपण बोलताना 'मी किळसलो' म्हणतो का? नाही म्हणत. आपण म्हणतो मला किळस आली, मला शिसारी आली, मला वीट आला, मला उबग आला. भूक जशी येते... म्हणजे लागते, झोप येते, राग येतो, तशी किळस पण येते. ती बाहेरून माझ्याकडे येते, मी तिचा मालक नाही, आणि ज्या वस्तूमुळे आली तिच्यावर पण लगेच शिक्का बसत नाही. त्याहून भारी म्हणजे आपली ती रूपं, मला बघवत नाही, मला खाववत नाही, मला ऐकवत नाही. यात पदार्थाला शिवी कुठेच नाही. कमतरता असेल तर ती माझ्या तोंडाची, माझ्या पोटाची. पंगतीत एखाद्याला शेपूची भाजी नकोशी झाली तर तो म्हणतो 'मला नाही हो शेपू जात', जणू शेपूची काही चूकच नाही, यांच्याच घशाचा रस्ता अरुंद.

इंग्रजीत आय अ‍ॅम डिसगस्टेड आहे, पण रोजच्या बोलण्यात जास्त चालतं ते इट इज डिसगस्टिंग. म्हणजे मला काय होतंय ते राहिलं बाजूला, ती वस्तूच तशी आहे असा निकाल देऊन मोकळं. पाटी लावल्यासारखं.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त संस्कृतचे सर आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते एकदम खुशीत आले. म्हणाले, अरे नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळची भावना, काय दिलाय, जुगुप्सा, म्हणजे किळसच. आणि जुगुप्सा कुठून, तर गुप् धातूवरून, तोच जो गुप्तमधे आहे. म्हणजे स्वतःला झाकून घ्यावंसं, वाचवावंसं वाटणं. बघा म्हणजे तिथे पण गोष्ट माझ्याच बाजूची आहे. सरांनी मग बीभत्समधला बी दीर्घ असतो आणि तुझ्या क्लासच्या बोर्डवर तू ऱ्हस्व काढलायस हे पण सांगितलं, ते असो.

आता मराठी म्हणजे एकदम सोवळी असं मी म्हणत नाहीये. शी, छी, थू, घाणेरडा, ओंगळ, गलिच्छ, हिडीस, सगळं आपल्याकडे आहे आणि माणसांवर पण आपण ते सर्रास टाकतो. नळावरची भांडणं मी ऐकलेली आहेत. पण घरात ताटावर बसून, वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर 'हे किळसवाणं आहे' असं मोठ्या माणसाने कधी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, पोराने म्हटलं तर पाठीत धपाटा.

आणि खुद्द इंग्रजांच्यात पण तेच आहे हो, हीच तर गंमत. जो माणूस पार्सल लेट म्हणून मला डिसगस्टिंग म्हणायचा तोच कोणाच्या घरी जेवायला गेला आणि भाजी आवडली नाही तर इट्स नॉट रिअली माय थिंग म्हणणार, किंवा नो थँक यू, किंवा अगदीच असह्य झालं तर हम्म, इंटरेस्टिंग. इंटरेस्टिंग म्हणाला की समजायचं त्याला अजिबात आवडलेलं नाही. अमेरिकेत तर बालवाडीत पोरांना शिकवतात, डोन्ट यक माय यम, म्हणजे मी चवीने खातोय त्याला तू यक म्हणू नको. म्हणजे तिकडे जोरदार शब्द ठेवलेत कंपनीसाठी, रेल्वेसाठी, सरकारसाठी, आणि ताटासाठी मऊ शब्द. इंग्लंडात केंट परगण्यात टनब्रिज वेल्स नावाचं एक सुखवस्तू गाव आहे, तिथले लोक संपादकाला रागाची पत्रं लिहितात अशी त्यांची ख्याती, आणि खाली सही म्हणून नुसतं 'डिसगस्टेड, टनब्रिज वेल्स'. तो तिकडे कायमचा विनोदच होऊन बसलाय, कुरकुऱ्या पत्रलेखक म्हटलं की हेच नाव. (मी पण त्यातलाच दिसतोय आता.)

आपल्या पोरांना मात्र अर्धंच पोचलंय. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून यक, ग्रॉस, डिसगस्टिंग, ईव हे सगळं आलं आणि ते नेमकं उलट्या जागी बसलं. एसटी चार तास लेट असेल तर पोरगं गप्प मोबाईल बघत बसतं आणि डब्यात कारलं निघालं की डिसगस्टिंग.

माझी भाची मे महिन्यात आली होती, नऊ वर्षांची, पुण्याला असते, गोड आहे, माझ्या आईची तर अगदी दुधावरची साय. आईने हौसेने सुकट केली. आमची आई गुहागरकडची, तिची सुकट म्हणजे आधी लोखंडी तव्यावर कोरडी भाजायची, मग सुपात घोळून कचकच काढायची, दोन पाण्यातून धुवायची आणि मग भरपूर कांदा, लाल तिखट, दोन आमसुलं. भाजतानाचा वास उग्र असतो हे मी कबूल करतो, आमच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या तरी तेव्हा बंद होतात. पोरीने ताट पुढे आल्यावर वाकून बघितलं, त्या बारीक कोलंबीचे काळे डोळे तिला दिसले बहुतेक, नाक दाबलं आणि म्हणाली आजी इट्स सो डिसगस्टिंग. माझी बहीण मोबाईलवर होती, तिने ऐकलं पण नाही. आईने माझ्याकडे बघून विचारलं, डिसगस्टिंग म्हणजे काय रे?

मी अकरा वर्षं या शब्दाचं खाल्लं, शेकडो पोरांना याचा अर्थ शिकवला आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून गेलं, खारट, खारट आहे म्हणतेय ती. आई म्हणाली होय का, आणि दुसऱ्या दिवशी तिने राहिलेली सुकट दोनच्या जागी चार पाण्यातून काढली. सगळी चव गेली तिची. मी गपचूप खाल्ली.

त्या पोरीचा यात काय दोष, तिला 'मला नाही खाववत' हे वाक्य कोणी दिलंच नाही, ना मराठीत ना इंग्रजीत. तिच्याकडे त्या चौकटीतल्यासारखे सहा शब्द आहेत आणि सहाही एकाच मापाचे.

खरंतर चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर लिहिताना यावरचाच एक किस्सा दिलाय, तो मी क्लासमधे नेहमी सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला टिएरा डेल फुएगो म्हणून भाग आहे, तिथे हा मुक्कामावर थंड टिकवलेलं मांस खात बसलेला. एका तिथल्या माणसाने ते बोट लावून बघितलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला भयंकर किळस आली. आणि डार्विनला किळस कशाची आली, तर या उघड्या माणसाने आपल्या खाण्याला बोट लावलं याची, आणि तो स्वतःच पुढे लिहितो की त्या माणसाचे हात काही घाण दिसत नव्हते. त्या माणसासाठी त्याने शब्द वापरलाय तो, सॅव्हेज म्हणजे रानटी, त्या काळातल्या साहेबाचा आहे, पण ते शेवटचं वाक्य त्याने लिहिलं हे त्याचं मोठेपण. डिसगस्ट या शब्दाचा मूळ अर्थ नुसता चवीशी संबंधित आहे असं पण तो तिथेच सांगतो, लॅटिन गुस्तुस म्हणजे चव. आणि तरी गोष्ट चवीवरून हातावर आणि हातावरून माणसावर कशी गेली बघा, दोन ओळीत.

आपल्याकडे ती तशी किती पटकन जाते हे काही मी तुम्हाला सांगायला नको. ज्या देशात कोणाची सावली पण चालत नव्हती, ज्याच्यासाठी विटाळ नावाचा वेगळा शब्द आहे, तिथे ताटावर टाकलेला शब्द ताटावरच राहील याची काय गॅरंटी. मी आधी भाड्याने जिथे राहायचो त्या सोसायटीत नोटीस लागली होती, इंग्रजीत, की सभासदांनी ऑब्नॉक्शस अँड ऑफेन्सिव्ह स्मेल येणारे पदार्थ शिजवणे टाळावे. नाव कोणाचंच नाही पण अख्ख्या बिल्डिंगमधे मासे भाजणारी घरं तीन होती, सगळ्यांना माहीत. मी सेक्रेटरींना म्हणलं, साहेब हेच मराठीत लिहा की, 'तुमच्या जेवणाची घाण येते'. ते म्हणाले अहो असं कसं लिहिणार, वाईट दिसतं. म्हणजे मराठीत जे लिहायला लाज वाटते ते इंग्रजीत लिहिलं की एकदम नियमासारखं दिसतं. आणि घाण हा आपला शब्द तरी कुठून आला, संस्कृत घ्राण, म्हणजे नुसतं नाक किंवा वास घेणं. वासाची घाण कधी झाली कोणास ठाऊक. क्रिंज (म्हणजे बघूनच लाज वाटावी असं) या शब्दाचं पण सध्या तसंच चाललंय, कोणी गावाकडची बाई शेतात साडीवर नाचली की खाली क्रिंज, मुंबईतली कोणी महागड्या हॉटेलात त्याच गाण्यावर नाचली की हार्टच हार्ट.

बरं त्या चौकटीकडे परत येतो. ते सहा शब्द मी क्लासमधे कसे शिकवतो ते सांगतो, आवडलं तर वापरा. नॉशिएटिंग सगळ्यात सोपा, कारण तो ग्रीक नाउस म्हणजे जहाजावरून आलाय आणि तोच शब्द संस्कृतात नौ, आपली नाव. म्हणजे नॉशिया म्हणजे चक्क बोट लागणे! माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायची आणि तिला दर वेळी बोट लागायची, आता बोटी गेल्या तर आपल्याला गाडी लागते, बस लागते. तर नॉशिएटिंग म्हणजे ज्याने पोटात ढवळतं ते. रिव्होल्टिंगमधे बंड पण आहे आणि उलटं फिरणं पण आहे, तिकडे पोट उलटतं, इकडे आपल्याला उलटी होते, भाषा दोन पण पोट एकच. रिपल्सिव्ह म्हणजे मागे ढकलणारं, बघून माणूस दोन पावलं मागे सरकतो ते. व्हाईल मुळात लॅटिनमधे स्वस्त, हलक्या किमतीचं, म्हणून तो आज वागण्याला जास्त शोभतो, नीच, हलकट याच्या जवळ. आणि ग्रॉस मुळात जाडाभरडा, मोठा, ठोक. बारा डझनांचा एक ग्रॉस म्हणजे 144, आणि पगाराच्या स्लिपवर असतो तो पण हाच. त्याला ईऽऽ हा अर्थ अमेरिकेतल्या पोरांनी चिकटवला गेल्या शतकात, म्हणून तो पोराटोरांच्या तोंडी ठीक, ऑफिसच्या मेलमधे नाही. मी तर म्हणतो पगाराच्या स्लिपवर खरी किळस नेटची वाटते.

आणखी एक, हे शब्द आधीच टोकाचे असल्यामुळे इंग्रज त्यांना सहसा व्हेरी लावत नाही, अ‍ॅब्सोल्यूटली लावतो. आपण व्हेरी डिसगस्टिंग म्हणतो ते अत्यंत भयंकर प्रचंड सुंदर म्हटल्यासारखं होतं. परीक्षेला विचारतात म्हणून सांगितलं.

पण त्याच्याही आधी पोरांना साधे शब्द द्या अशी माझी विनंती आहे. खोबरं खवट होतं, डाळ आंबते, दूध नासतं, भाजीला तार येते, पावाला बुरशी धरते, पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो, आणि विटलेलं अन्न खाऊन खाऊन माणसालाच वीट येतो. प्रत्येक शब्दात नक्की काय बिघडलं ते कळतं. इंग्रजीत पण आहेत की, रॅन्सिड, सावर, कर्डल्ड, मोल्डी, मस्टी, त्यांची चौकट करा एकदा. माझ्याकडची आठवीतली पोरगी खवट शेंगदाण्याला डिसगस्टिंग म्हणाली, मी विचारलं मराठीत काय म्हणशील, तर विचार करून म्हणाली, सर, मराठीत पण डिसगस्टिंगच.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर ग्रॉसचं कापा, सोसायटीचं पण कापा हवं तर, तेवढं सुकटीचं राहू द्या.

कारण त्याचं अजून संपलेलं नाही. मी तेव्हा खोटं बोललो ते आता निस्तरता येत नाहीये. आईने तो शब्द नीट लक्षात ठेवलाय, नातीचा शब्द म्हणून. परवा शेजारच्या काकू वाटीभर कढी घेऊन आल्या, नवीनच राहायला आल्यात, आईने चमचाभर चाखली आणि अगदी प्रेमाने त्यांना म्हणाली, छान झालीय हो, जरा डिसगस्टिंग आहे, पण भाताबरोबर लागणार नाही.

आपला,
किंचित नाराज, कळवा